अज्याची गाडी, माझं इंजिन

१० मार्च २००२, रविवार
अज्याकडं गेलतो. शेडचं कुलूप तेल सोडून उघडावं लागलं. अज्याचे वडील वकीलकाका गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, गाडी जागची हललेली नाही. विलायती टू-सीटर, ५९ सालची, टप नसलेली. आयुष्यात पहिल्यांदा बॉनेटखाली डोकं घातलं ते हिच्याच. बावड्याहून सायकलनं यायचो. काका आधी "जेवलास का" विचारायचे, मग पाना हातात द्यायचे. आमच्या वस्तीतल्या पोराला तेव्हा एवढं विचारणारी घरं थोडीच होती.
दुपारी इंजिनचं हेड काढलं. मधल्या दोन सिलिंडरच्या मधे चीर. अज्या दाताचा डॉक्टर. नख घालून बघत म्हणाला, "मिल्या, कीड लई खोल गेलीय."

२४ मार्च
शंकरमामांना गाडी दाखवली. चाळीस वर्षं फौंड्रीत पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे, करण्यात गेलेला माणूस. हेड उलटंपालटं करून म्हणाले, "ओतून देतो की. दोन-तीन महिनं लागतील. पर गाडी हाय तशी ऱ्हाईल."
अज्या माझ्याकडं बघायला लागला. मी हो म्हटलं नाही, विचार करतो म्हटलं. खरं तर विचार आधीच झालेला. मुंबईच्या भंगारबाजारात जपानी टर्बो इंजिनं येतात, गिअरबॉक्स आणि कॉम्प्युटरसकट. अठराशे सीसी. जुन्याच्या अडीच पट ताकद. कोल्हापुरात असलं कुणी केलेलं नाही.
मामा जाताना म्हणाले, "म्हाताऱ्या बैलाला शर्यतीच्या गाड्याला जुंपू नका म्हंजे झालं." दोघंही हसलो.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणुकीत होतो. रेखा म्हणाली, "अंगानं हितं हाय तुमी, मनानं त्या शेडात." खोटं नाही. काल मुंबईहून इंजिन आलं.

३० जून
गिअरबॉक्स बसेना म्हणून गाडीची मधली पाठ, दोन सीटमधला उंच पत्रा, कापली. ग्राइंडर लावताना अज्या बाहेर जाऊन उभा राहिला. काकांनी त्या पत्र्यावर ओरखडा येऊ दिला नव्हता कधी.
इंजिन बसलं. अडचण एकच. टर्बो उजव्या बाजूला येतो, आणि स्टिअरिंग, ब्रेकचा पंप, ब्रेकची नळी सगळं उजवीकडंच. टर्बोचं धुराडं ब्रेकच्या नळीला खेटून जातंय. बोटभर अंतर. मधे धग अडवायला पत्र्याचा आडोसा करायचा. वहीत लिहून ठेवलं.

१० नोव्हें.
चालू झाली!! तीन हजारावर नेली की टर्बोची शीळ. अज्या लहान पोरागत नाचला. वैशाली वहिनींनी आतून येऊन आधी कानावर हात ठेवले, मग पेढे आणले. कंपनीत मी नुसता टूलरूमचा सुपरवायझर. आज स्वतःला इंजिनिअर म्हणवून घेतलं.

१२ जाने. २००३, रविवार
जोतिबावर ट्रायल. मी चालवली, अज्या शेजारी. चढाला गाडी अशी उचलते की मान मागं जाते. चारी चाकांना अजून जुनेच ड्रम ब्रेक. पुढं डिस्क बसवायचं ठरलंय.
उतरताना शेवटच्या वळणावर पेडल मऊ लागलं. खाली येऊन बॉनेट उघडलं. ब्रेकच्या नळीचा रंग काळपट, फोड आल्यागत. अज्या चहा सांगायला गेलता. परत आल्यावर त्याला म्हटलं, नळीत हवा धरली असंल, काढतो. संध्याकाळी काढली. पेडल कडक झालं.
आडोसा या आठवड्यात करायचाच.

१८ जाने.
कागलला कंपनीत ऑडिट. चार दिवस घर बघितलेलं नाही. आडोसा राहिला.

२३ जाने.
अज्याचा फोन. शनिवारी रत्नागिरीला डेंटिस्ट लोकांचं संमेलन आहे. "सगळे मोठ्या गाड्या घेऊन येत्यात. आपली नेऊ का?"
"ने की. काय होत न्हाय."
पत्र्याची आठवण फोन ठेवताना झाली. म्हटलं परत फोन करतो. मग पाळी बदलली, लोक आले, आणि

२५ जाने., शनिवार
वहिनींचा फोन दुपारी कंपनीत. आंबा घाट उतरताना अपघात. जिवंत आहे.

२६ जाने.
दवाखान्यात. गाडी दरीकडं जात होती, अज्यानं डोंगराच्या अंगाला घातली म्हणून वाचला. उजवं मनगट आणि पंजा दरवाजा आणि कातळ यांच्यात सापडला. ऑपरेशन सहा तास. बोटं हलतील का, आत्ता सांगता येत नाही म्हणतात.
 वहिनींनी माझ्या हातात पाण्याची बाटली दिली.

२९ जाने.
अज्या शुद्धीवर. मला बघून पहिलं हेच बोलला, "मिल्या, पेडल खाली गेलं. पार खाली गेलं रे."
मी म्हटलं, "पड गप. नंतर बोलू."

४ फेब्रु.
तपासणीचे साहेब मलकापूरला आलेले. गाडी पोलीस चौकीपुढं. मी लांब उभा. त्यांनी आत बसून ब्रेक दाबला. पेडल कडक. दोनदा, तीनदा दाबला. तेल पूर्ण, गळती नाही. "ब्रेक ठीक आहेत. चालवणाऱ्याचा अंदाज चुकला." तसंच लिहिलं.
मला कळलं काय झालंय ते. धुराड्याच्या धगीनं ब्रेक ऑईल उकळतं, त्यात वाफ धरते. पेडल दाबलं की ती वाफच दबते, ब्रेक लागतच नाही. गार झालं की पेडल परत कडक. काही झालंच नव्हतं असं.
तोंड उघडलं नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही कोण?" म्हटलं, मित्र.

१६ फेब्रु.
गाडी ओढून शेडमधे आणून टाकली. सगळे चहाला आत गेले तेव्हा बॉनेट उचकटलं. नळी जोतिबावर होती त्याहून काळी. बोट फिरवलं तर रंगाचा पापुद्रा निघून आला. बॉनेट दाबून बसवलं. आत जाऊन चहा घेतला. वहिनींनी नेहमीसारखी साखर जास्त घातलेली, मला लागते म्हणून.

७ एप्रिल
अज्याचं प्लास्टर काढलं. अंगठा आणि पहिलं बोट जुळत नाही. आरसा धरता येत नाही, सुई धरता येत नाही. दवाखान्याची पाटी तशीच आहे, खुर्चीवर कापड टाकलंय.
रेखाला सगळं सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मला का सांगताय? मी काय गाडी चालवत व्हतो?"

१७ ऑग.
अज्याचं बोलणं बदलत चाललंय. आधी म्हणायचा पेडल खाली गेलं. मग म्हणायला लागला, वाटलं तसं. आज म्हणाला, "साहेबांनी बघितलं न्हवं. ब्रेक ठीक व्हता. त्या गाडीचे पेडल जवळ जवळ, माझा पाय दुसरीकडंच पडला असणार."
मी त्याच्याकडं बघितलं. आत्ता बोललो असतो तर झालं असतं. म्हणालो, "सोड की आता."
तो "व्हय" म्हणाला.

२३ मे २००४
दवाखाना एका तरुण डॉक्टरणीला चालवायला दिला. अज्या बाहेर बसतो, पेशंटचे कागद डाव्या हातानं लिहितो. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं. मला दाखवून हसला. मी पण हसलो, आणि बाहेर येऊन रंकाळ्याला दोन चकरा मारल्या. घरी जाववेना.

९ ऑक्टो. २००५
शंकरमामा वारले. मातीला गेलतो. त्यांच्या मुलानं सांगितलं, आमच्या त्या हेडचा लाकडी पॅटर्न मामांनी आपणहून करून ठेवला होता. "म्हणायचं, पोरं येतील परत."
आम्ही गेलोच नाही. नुसती चीरच होती. तीन महिने थांबलो असतो तर ती गाडी आज सत्तरच्या वर न पळता, कुरकुरत, रत्नागिरीला जाऊन आली असती.

११ मार्च २००६
अज्याची मुलगी मृण्मयी अकरावीत. स्कूटर शिकायची म्हणते. अज्या नको म्हणतो. वहिनी चिडल्या तर म्हणाला, "आमच्या घराण्याच्या पायाचा भरवसा न्हाय." चेष्टेत म्हणाला, पण पोरगी रडली.
तो रिक्षानं फिरतो. पुढच्या सीटवर बसत नाही.

१३ जाने. २००७
लिहायला नको वाटतंय.
वहिनी शिकवतात त्या शाळेत वाहतुकीच्या नियमांचा कार्यक्रम. अज्याला बोलवलेलं. मीच त्याला घेऊन गेलो. मला वाटलं दोन शब्द बोलेल. हॉलमधे तीनशे मुलं. अज्यानं उजवा हात वर केला. वाकडी बोटं सगळ्यांना दिसतील अशी.
"हे कुणी केलं? मीच केलं. ब्रेकवर पाय द्यायच्या ऐवजी मी ॲक्सिलरेटर दाबला. गाडीला दोष देत होतो आधी. खोटं बोलत होतो स्वतःशी. आपली चूक मान्य करायला मला वर्ष लागलं."
मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी डोळे पुसले. माझ्या शेजारी वहिनी. त्यांना वाटलं मलाही भरून आलंय, म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.
तो हात तसाच ठेवून घेतला मी.

१४ जाने.
सकाळी रेखाला म्हटलं, जाऊन येतो. तिनं विचारलं नाही कुठं. चपला पुढं करून ठेवल्या.
अज्या पेपर वाचत होता. वहिनी देवळात गेलेल्या. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. जोतिबाची ट्रायल, मऊ पेडल, काळी नळी, पत्र्याचा आडोसा. मलकापूरला उकळलेल्या तेलाचं लक्षात आलं होतं तेही. एकही गोष्ट ठेवली नाही.
त्यानं पेपर घडी करून ठेवला. "दाखव."
शेडमधे गेलो. बॉनेट गंजून बसलेलं, पहारीनं उचकटावं लागलं. नळी दाखवली. तो वाकला. डाव्या हाताचं बोट नळीवरून धुराड्यापर्यंत नेलं, परत आणलं.
"म्हंजे मी दाबला व्हता ब्रेक."
"व्हय."
"पेडल खरंच खाली गेलं व्हतं."
"व्हय अज्या."
"मला चार वर्षं वाटतंय की मला याड लागलं व्हतं त्या वक्ताला. पाय कुठं पडला आठवत बसायचो. बाथरूममधे बसून पाय हलवून बघायचो, असा पडला का तसा पडला." माझ्याकडं वळला. "तुला म्हाईत व्हतं?"
"व्हय."
"काल शाळंत बसलावतास तवा बी?"
मी मान हलवली.
मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो गाडीच्या बाजूला खाली बसला, फरशीवर, धोतरातले वकीलकाका बसायचे तसा. म्हणाला, "बॉनेट उघडंच ठेव. जा तू."
"अज्या…"
"जा म्हणतोय न्हवं."

२८ जाने.
पंधरा दिवस झाले. फोन केला नाही, आला नाही. दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.
रेखा म्हणते, सांगितलं ते बरं केलं. मला बरं वाटत नाही. सांगून मी हलका झालो का? झालो थोडा. त्याचीच लाज वाटते.

११ फेब्रु.
कंपनीच्या गेटवरून निरोप, कुणी बाई आल्यात. वैशाली वहिनी. स्कूटरवरून कागलपर्यंत एकट्या आलेल्या. डोक्याचा रुमाल सोडला नाही.
म्हणाल्या, "भावजी, हे आता झोपतात. चार वर्षांत पहिल्यांदा रात्रभर झोपतात. मृण्मयीला स्कूटर शिकवायला काल स्वतः मैदानावर गेले, मागं धावत होते."

"पण तुमचं नाव काढू देत नाहीत. मी काढलं तर उठून जातात."
"तुम्ही काय म्हणता वहिनी?"
त्या गेटमधून आत-बाहेर जाणाऱ्या ट्रककडं बघत राहिल्या. "त्या दिवशी मी पण जाणार होते त्यांच्याबरोबर. मृण्मयीला ताप आला म्हणून राहिले. हे तुम्हाला माहीत होतं का?"
नव्हतं.
"मला अजून ठरवता येत नाही," म्हणाल्या. स्कूटर चालू केली. थोडं पुढं जाऊन थांबल्या. वाटलं काही बोलतील. रुमाल नीट बांधला आणि गेल्या.
मी गेटवरच उभा. पाळी सुटायचा भोंगा झाला तरी.