भांडण-हास्याचा दिवस

गंगापूर रोड, नाशिक
रविवार, ७ डिसेंबर

आदरणीय भिकनराव यांस,

दिवाकरचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच). तुमची तब्येत, वहिनींचा दमा, विहिरीचं पाणी आणि उन्हाळ कांद्याचं रोप, सगळ्यांची खुशाली कळवावी. इकडे इंदिरेची शुगर आणि माझं ब्लडप्रेशर यांच्यात चढाओढ चालू आहे, सध्या ती पुढे आहे. बाकी ठीक म्हणायचं.

तुमचं पत्र पोचलं. (हल्ली पत्र लिहिणारे आपण दोघंच उरलो असू. पोस्टमननं ते माझ्या हातात देताना घरात कुणी आजारी आहे का, असं विचारलं.) तुम्ही लिहिता की तिकडे देवळ्यात स्टँडसमोर आता चहाच्या दोन टपऱ्या झाल्यात, एका पक्षाची माणसं दुसऱ्या टपरीवर पाणीसुद्धा पीत नाहीत, आणि पुतण्यानं मोबाइलवर कुठल्याशा पुढाऱ्याचा फोटो लावला म्हणून त्याला सख्ख्या चुलत्यानं हळदीला बोलावलं नाही. वर विचारता, ‘भाऊ, हाई काय चालू शे? तुम्ही शिकेल माणसं, काही तरी सांगा.’ भिकनराव, देशाचं मला काही कळत नाही. टीव्हीवर आठ माणसं एकदम ओरडायला लागली की मी आवाज बंद करून नुसते त्यांचे हात बघतो. माझ्या माहितीतला देश म्हणजे आमचा हास्यक्लब. त्याचं कसं वाटोळं झालं, तेवढं सांगतो.

क्लबात आम्ही सव्वीस जण. जागा कॉलनीची बाग, वेळ सकाळी सहा. सहादू सर (शाळेत कवायत शिकवायचे, अजूनही गळ्यात शिट्टी असते) हसायला शिकवतात. हसण्याचे प्रकार असतात, सिंह-हास्य, मौन-हास्य, लस्सी-हास्य. मला तिथं ओढून नेलं ते आपल्या बुद्धभूषणनं. पाटबंधारे खात्यात आपल्या तिघांचे डबे तीस वर्षं एकाच टेबलावर उघडले, तेव्हा तो मला ओढतो आणि मी कुरकुरत मागे जातो हे तुम्हाला नवीन नाही. रिटायर झाल्यावर त्यानं आमच्याच कॉलनीत फ्लॅट घेतला. त्याची चैताली डॉक्टर झाली, तेव्हा पेढे आधी माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी इंदिरेला डेंग्यू झाला तेव्हा ती पोरगी आपली ड्यूटी संपवून सलग तीन दिवस आमच्या कॉटशेजारी बसली होती. सलाइनच्या बाटलीकडे बघत बसायची आणि हिला दर तासाला दटावून पाणी पाजायची.

तर ऑगस्टमधली गोष्ट. क्लबाचे खजिनदार विश्वेशराव यांनी पहाटे ग्रुपवर एक मेसेज टाकला. वर जास्वंदीचं फूल, त्याखाली सुप्रभात, आणि त्याखाली तीसेक ओळी. आरक्षणातून झालेल्या डॉक्टरांपासून सावध राहा, ऑपरेशन करून घेण्याआधी डॉक्टरचं आडनाव विचारा, जीव तुमचा आहे, वगैरे वगैरे. विश्वेशरावांना दिवसाला दोनशे मेसेज येतात आणि आले तसे पुढे जातात. हा कुणाकडून आला, हे त्यांना त्या दिवशी आठवलं नाही, आजही आठवत नाही.

त्या सकाळी नेमकं भांडण-हास्य होतं. म्हणजे दोन रांगा समोरासमोर उभ्या करायच्या, प्रत्येकानं समोरच्यावर बोट रोखायचं, भुवया चढवायच्या आणि मोठमोठ्यानं हसायचं. पोटातला राग निघून जातो म्हणतात. सरांनी टाळी वाजवली, आणि यशश्रीताईंनी (बँकेतून निवृत्त, बोलणं अजून कॅश काउंटरवरचं) विश्वेशरावांवर बोट रोखून विचारलं, हे असलं टाकायला लाज कशी वाटली नाही? विश्वेशराव म्हणाले, खरं बोललं की झोंबतंच. मग सगळीच बोटं खरी झाली. कुणी कुणाचा पक्ष काढला, कुणी जात काढली, कुणी कुणाला पाकिस्तानात पाठवलं, आणि एकानं दुसऱ्याच्या मुलाला सत्त्याण्णव साली इंजिनिअरिंगला प्रवेश कसा मिळाला ते काढलं. सहादू सरांना वाटलं, आज वर्गाला रंग चढला. ते टाळ्या वाजवत ‘शाब्बास! अजून जोरात! बेंबीच्या देठापासून!’ म्हणून आम्हाला चेव देत होते. चांगली पाच मिनिटं खरं भांडण चाललं आणि फिरायला आलेली माणसं थांबून कौतुकानं बघत होती. एका बाईंनी क्लबात नाव कुठे नोंदवायचं, याची चौकशी केली. विश्वेशरावांची कानटोपी चिखलात पडली तेव्हा कुठे शिट्टी वाजली.

भूषण माझ्या समोरच्या रांगेत होता. त्यानं बोट उचललंच नव्हतं. एवढ्या गोंधळात त्यानं मला हळूच विचारलं, ‘दिवाकर, तू काही बोलणारेस का?’ मी म्हणालो, आधी सगळ्यांचं ऐकून तर घेऊ. (तीस वर्षं फायलींवर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला, तो हात असा जाणार कुठे?) त्यानं बाकावरची पाण्याची बाटली उचलली आणि तो घरी गेला. तेव्हापासून तो बागेत आलेला नाही.

आता दोन क्लब आहेत, सहाचा आणि साडेसहाचा. सहादू सर दोन्हीकडे हसवतात, त्यामुळे त्यांचा घसा सुजला आणि डॉक्टरांनी त्यांना आठवडाभर हसायला बंदी केली. सहाची मंडळी मुद्दाम रेंगाळतात. साडेसहाची मंडळी हसायला लागली की यांना वाटतं, आपल्यालाच हसतायत. ते खरंही असतं. मागच्या महिन्यात पोलीस चौकीत लेखी अर्ज गेला, ‘विरुद्ध गटाने सामूहिकरीत्या व हेतुपुरस्सर हास्य केले.’ हवालदारानं तो दोनदा वाचला, अर्जदारांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, घरी जा, नाश्ता करा.’ बागेचा माळी फकिरा, पेठ तालुक्याकडचा. तो म्हणतो, ‘आमच्याकडं हसायला बागेत नाय जात साहेब. बसल्या जागी हसत्यात.’ मी तटस्थ आहे. सव्वासहाला बाकावर जाऊन बसतो आणि हसत नाही. सहावाले मला साडेसहाचा समजतात, साडेसहावाले सहाचा, आणि नमस्कार कुणीच करत नाही.

गमतीनं लिहितोय खरा, पण मन फार खट्टू झालंय, भिकनराव. औषधाच्या दुकानात उभा असलो तरी शेजारचा माणूस सहाचा की साडेसहाचा, हे आधी बघतो. फूट कधी पडली, असं तुम्ही विचाराल. मला वाटतं, ती जुनीच असणार. माझी आई असेपर्यंत आमच्या घरी भूषणचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. पितळी, छान घासलेला, पण वेगळा. त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तो त्यातून चहा प्यायचा, वर आईच्या चहाचं कौतुक करायचा. मी आईला एकदाही बोललो नाही. तेव्हाही मी तटस्थच होतो. आता वाटतं, त्याच्या चांगुलपणावर आमची मैत्री चालली, आणि मी समजत होतो की ती दोघांची आहे.

भूषणनं फ्लॅट विकला. चैतालीला नागपूरला नोकरी लागली आहे, तो कायमचा तिकडे चाललाय. एकवीस तारखेला सामानाचा ट्रक येणार. (हेही मला फकिरानं सांगितलं. चार महिन्यांपूर्वी भूषणच्या घरी कुकर बिघडला तरी मला कळायचं.) दोनदा त्याच्या बिल्डिंगखाली जाऊन आलो. पाटीवर त्याचं नाव अजून आहे. दुसऱ्या वेळी लिफ्ट उघडली, आतल्या बाईंनी कुठला मजला म्हणून विचारलं, आणि मी चुकून आलो, असं सांगून परत फिरलो.

असो. वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. थंडी फार आहे, रात्री पाणी भरायला जाताना कान बांधत जा.

तुमचा,
दिवाकर

ता. क. – पत्र लिहायला बसलो ते एक विनंती करायला, आणि तीच राहिली. येत्या रविवारी, चौदा तारखेला, सकाळच्या एस्टीनं नाशिकला या. आपण दोघं भूषणकडे जाऊ. तुम्हाला बघून तो दार उघडेल. तुम्ही बोलायचं नाही काही, नुसतं माझ्या शेजारी बसायचं.

ता. क. २ – वर एक गोष्ट लिहायची टाळली. विश्वेशरावांना तो मेसेज माझ्याकडूनच गेला होता. त्या पहाटे मी तो अकरा जणांना पाठवला. विश्वेशराव चार महिने शिव्या खातायत आणि माझं नाव कुणाच्या डोक्यातही आलेलं नाही. पण भिकनराव, मी तो वाचला नव्हता हो. फूल आणि सुप्रभात बघितलं, आणि दाबलं बटण. विषय निघालाच तर भूषणला एवढं सांगा, की दिवाकरनं वाचला नव्हता. माझ्या तोंडून त्याला ते पटायचं नाही.

ता. क. ३ – वहिनींना दोन ओळी लिहायच्या म्हणून इंदिरेनं पत्र मागून घेतलं. सगळं वाचलं आणि पेन उघडून माझ्यापुढे ठेवलं. तेव्हा लिहितो. मेसेज मी वाचला होता. चष्मा लावून, शेवटच्या ओळीपर्यंत. चहा घेताना तिलाही मोठ्यानं वाचून दाखवला, आणि आम्ही दोघंही हसलो होतो. रविवारी यायचं की नाही, ते आता तुम्ही ठरवा.