ठ ची तयारी

३ ऑगस्ट १९८६, रविवार
मंडळाची मीटिंग. यंदा गणपतीत अंताक्षरी, पांढुर्णा विरुद्ध सौंसर. आपला कॅप्टन मी. एकमतानं. (दुसरं कोणी उभं राहिलं नाही, हा मुद्दा वेगळा.)

प्लॅन तयार आहे. आपलं प्रत्येक गाणं ओठ, पीठ, पाठ असल्या शब्दावर नेऊन सोडायचं. सौंसरवाले ठ वर बसतील, बसूनच राहतील. नियमही पास करून घेतला: नुसतं तोंडानं म्हटलेलं धरायचं नाही, गायलंच पाहिजे. त्यांचा कॅप्टन श्रीधर, म्हणजे माझा साळा, पक्का बेसुरा. मीही बेसुरा, पण माझ्याजवळ विजयमाला आहे. डोकं माझं, गळा बायकोचा. घरात नळ असल्यासारखं आहे, तोटी फिरवली की गाणं.

६ ऑगस्ट
विजयमालाचा आवाज बसला आहे. म्हणते, उन्हाळ्यापासून बसून राहिला. मग उन्हाळ्यात सांगायचं! सांगितलं होतं म्हणते. आवाज बसलेला असल्यामुळे मला ऐकू आलं नसेल.
आजपासून मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध. संत्रं बंद. म्हणाली, अवो, गिळतानी दुखते. म्हटलं, गाताना गिळायचं नसतंच.

१२ ऑगस्ट
तालीम. मी अक्षर सांगून राहिलो, ती गाऊन राहिली. ठ उलटून आपल्यावर आला तर म्हणून ठेवलेल्या ठ च्या भजनात अर्ध्यावर थांबली. पाणी प्यायली. पाणी परत आलं.
शेजारच्या देवकाबाई भिंतीवरून ओरडल्या, मास्तर, बाईले दवाखान्यात न्या जी, तालमी कायच्या घेऊन राहिले!
देवकाबाईंची लेक सौंसरला दिली आहे. नोंद करून ठेवतो.

१७ ऑगस्ट, रविवार
श्रीधर सौंसरहून आला. बहिणीच्या मानेला हात लावून पाहिला, मग चहा तसाच ठेवला. म्हणे, भाऊजी, उद्याच्या उद्या नागपूरले दाखवा, मी संगं येतो.
मी मनातल्या मनात हसलो. समोरच्या टीमचा कॅप्टन, ऐन तालमीत, माझा गळा नागपूरला नेऊन राहिला! म्हटलं, अनंत चतुर्दशी झाली की पहिल्या गाडीनं. तो म्हणाला, आग लागो तुमच्या अंताक्षरीले.
खिलाडूपणा बिलकुल नाही.

२१ ऑगस्ट
गावातल्या डॉक्टरांना दाखवलं. घशात बॅटरी मारली, पुन्हा एकदा मारली. तेही म्हणाले, नागपूर, उशीर नको. सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले? सौंसरजवळच्या बोरगावचे निघाले.
माणसं कुठवर पेरून ठेवली आहेत यांनी!

२४ ऑगस्ट
आज विजयमालाच म्हणाली, नागपूरले जाऊन येऊ ना. कुजबुजून म्हणाली, हल्ली तेवढंच जमतं.
माहेर सौंसर. शेवटी रक्त ते रक्त.
मी समजावलं. आवाज वाचवून ठेव, घरात बोलूच नको. तेव्हापासून घरात शांतता. तयारी उत्तम चालू आहे.

६ सप्टेंबर
पोळ्यानंतरची गोटमार आटोपली, नदीच्या दोन्ही काठांवरून दगड झाले. निम्म्या गावाच्या डोक्याला पट्ट्या, पण कोणाची तक्रार नाही. ही एका घशासाठी जेवण टाकून बसली. पेज घेते. ब्लाउज सैल झाले म्हणून टाके घालत होती. म्हटलं, वजन उतरलं की आवाज मोकळा होतो.

१४ सप्टेंबर, रविवार
अंताक्षरी झाली. क्रमवार लिहितो.
सुरुवातीला टीममधल्या पोरांनी सांभाळलं. विजयमालाला मी ठ टाकण्यासाठी राखून ठेवलं होतं. पण ठ टाकला श्रीधरनं. त्याचं गाणं ‘ओठ’ वर संपलं. माझाच डाव, माझ्यावरच. घाबरलो नाही. विजयमालाच्या कानात भजन सांगितलं. ती उभी राहिली, तोंड उघडलं.
काही आलं नाही.
मग खोकली, पदर तोंडाला लावला. पदरावर लाल डाग. पान ती खात नाही.
मी पटकन भजनाचे शब्द म्हणून टाकले. पंच म्हणाले, मास्तर, गायलंच पाहिजे, नियम तुमचाच. मी वाद घातला. मुद्देसूद घातला. तेवढ्यात श्रीधर समोरून उठून आला, बहिणीला धरलं, मंडपातून सरळ स्टेशनावर नेलं. जाताना मला म्हणाला, येता का?
बक्षीस समारंभ टाकून जाणं बरं दिसलं नसतं. सौंसरचा कॅप्टन स्पर्धा सोडून गेला, म्हणून पंचांनी आपल्याला विजयी केलं.
बक्षिसाची ढाल घरी आणली. दाखवायला घरी कोणी नव्हतं.

२० सप्टेंबर, नागपूर
मोठे डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्यात आणलं असतं तर आवाज वाचवून पाहिला असता. आता माणूस वाचवू. स्वरयंत्र काढावं लागेल.
मी विचारलं, आपण मूळचे कुठले?
म्हणाले, जबलपूर.
श्रीधर खिडकीबाहेर पाहत होता.

२३ नोव्हेंबर, रविवार
घरी आलो त्याला आठवडा झाला. विजयमालाच्या गळ्याला भोक, त्यावर जाळीचं फडकं. काही हवं असलं तर ताट वाजवते. ढाल कपाटावर होती. तिनं उतरवून धान्याच्या कोठीवर झाकण म्हणून ठेवली.
संध्याकाळी ती कणकेला बसली. परातीतल्या कोरड्या पिठात बोटानं एक अक्षर काढलं, परात माझ्याकडे फिरवली. ठ.
मी भजनाचे शब्द म्हटले. तिनं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा बोट ठेवलं.
म्हणजे गायलंच पाहिजे.
गायलो. अख्खं भजन. आवाज होता, सूर नव्हता. मध्येच देवकाबाईंनी खिडकी लावून घेतली.
संपल्यावर विजयमालाकडे पाहिलं. तिनं तळहातानं अक्षर पुसलं, पाणी घातलं आणि कणीक मळायला घेतली.