उन्मेषने अंदाजाने भरलेले चौकोन

भाट्ये, रत्नागिरी
११ फेब्रुवारी २००४

चि. उन्मेष यास आप्पांचे पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं ठीक. तुझी तब्येत, मेसचं जेवण आणि जर्मनीची बांधाबांध कुठवर आली ते कळव. (मेसमध्ये भात कच्चा असतो असं तुझी आई म्हणते. ती तिथे कधी जेवलेली नाही, पण ठाम आहे.) वीस तारखेला तुझं विमान, मग तीन वर्षं तोंड दिसायचं नाही, म्हणून आम्ही दोघं रविवारी मुंबईला येणार होतो. आलो नाही. दादरला तू दोन तास उभा राहिलास म्हणे. फोनवर मला नीट भांडता येत नाही, म्हणून लिहितो. ह्या सगळ्याला जबाबदार तू आहेस.

माझी फियाट अठ्ठ्याहत्तर सालची. सकाळी चोक ओढायचा, दोन शिव्या हासडायच्या, की बिचारी चालू व्हायची. संधिवाताने बोटं आखडली, चोक ओढवेना, हे तुझ्या आईने तुला कळवलं (विचारलं होतं कोणी?) आणि दिवाळीत तू ते शिंचं खोकं घेऊन हजर. कार्बोरेटर काढलास. सदू मेकॅनिकने तो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला, तेव्हा अस्थी घेतल्यासारखं वाटलं मला. त्या जागी पेट्रोल फवारणारी यंत्रणा बसवलीस आणि म्हणालास, आता ह्या खोक्यातला कॉम्प्युटर इंजिन सांभाळेल, फक्त त्याला शिकवावं लागेल. छत्तीस वर्षं पोरांना शिकवलं मी, म्हातारपणी मोटारीची शिकवणी तेवढी राहिली होती!

शिकवायची रीत काय, तर मी गाडी हाकायची आणि तू शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं. पडद्यावर चौकोनांचा तक्ता. इंजिन किती वेगाने फिरतंय, त्यावर भार किती, ते बघून त्या त्या चौकोनात पेट्रोलचं माप भरायचं. चार दिवस फिरलो आपण, पार पूर्णगडापर्यंत. तुझं एकच पालुपद, आप्पा, जरा दाबा हो, वरचे चौकोन रिकामे राहिलेत. का दाबू? पस्तीसच्या वर मी जन्मात गेलो नाही, आणि उतार लागला की न्यूट्रल करतो. (पेट्रोल काय बापाचं आहे? तुझ्या बापाचं आहे, म्हणूनच जपतो.) तू कपाळाला हात लावलास, कारण उतारावर तुझा कॉम्प्युटर काहीच शिकेना. शेवटी वरचे चौकोन अंदाजाने भरलेस आणि रजा संपली म्हणून गेलास. पण खरं सांगू? दहावीनंतर तू माझ्या शेजारी सलग चार दिवस बसलास तो तेव्हाच. तू पडद्याकडे बघत होतास आणि मी तुझ्याकडे. पूर्णगडच्या वळणावर ती म्हैस थोडक्यात वाचली ती त्यामुळे.

आता रविवारचं ऐक. जर्मनीत कुळथाचं पीठ मिळत नाही म्हणून तुझी आई सकाळपासून चाळत बसली (किती चाळावं माणसाने!) आणि निघायला उशीर झाला. भाट्याचा पूल ओलांडला, गावातल्या चढाला लागलो, घड्याळ बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाय दाबला. काटा पन्नासावर. इंजिन तुझ्या त्या अंदाजाच्या चौकोनांत शिरलं आणि जे खोकायला लागलं म्हणतोस! काळा धूर, हिसके, मागे मासळीचा टेम्पो पों पों करतोय, तुझी आई देवाचं नाव घेतेय आणि मधूनमधून माझं. ऐन चढावर गाडी बंद. कशीबशी स्टेशनवर पोचलो, तर रेल्वेचा शेवटचा डबा जाताना दिसला.

इंजिनियर म्हणवतोस आणि अर्धा तक्ता ठोकताळ्यावर? अशा पोरांना मी पुन्हा पेपराला बसवायचो.

रागावलेला, बाकी खुशाल,
आप्पा

ता. क. वीस तारखेच्या आत दोन दिवस काढून ये आणि वरचे चौकोन नीट भरून जा. माझा आग्रह नाही, पण सुरू केलेलं काम पुरं करावं.

ता. क. दुसरा. आलास तर चार दिवस काढ. चौकोन बरेच आहेत.

उन्मेष, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे चार शब्द आईचे. गाडी खोकली नाही, धूर नाही, टेम्पोही नाही. पीठ शनिवारीच चाळून झालं होतं आणि आम्ही तासभर आधी निघालो होतो. चढावर ह्यांनी गाडी वीसने नेली. मी आपली अहो दाबा, अहो दाबा म्हणतेय. मारुती मंदिराच्या पुढे गाडी कडेला घेतली, बंद केली आणि म्हणाले, "निरोप द्यायला गेलं, की तो जातोय हे कबूल केल्यासारखं होतं गं. मला नाही जमायचं." रेल्वेची वेळ टळून गेल्यावरच चावी फिरवली, गाडी एका फटक्यात चालू झाली. संध्याकाळच्या रेल्वेने जाऊ म्हटलं, तर म्हणाले गुडघा दुखतोय. तेव्हापासून रोज सकाळी फियाटमध्ये जाऊन बसतात आणि चालू न करताच परत येतात. तू ये रे बाबा. इथून, घरच्या दारातून गेलास, तर देतील ते निरोप.