मधलं दार

प्रिय दादा,

"श्वास पूर्ण सोड, आणि मगच हात लाव." दुकानात पहिल्यांदा तुझ्या हाती चिमटा देताना बाबा हे म्हणाले होते, आठवतं का तुला? समोर कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं, त्यातली केसासारखी बारीक स्प्रिंग उचलायची होती, आणि तू इतक्या जोरात श्वास सोडलास की स्प्रिंगच उडून गेली. मग आपण तिघंही गुडघ्यांवर रांगत ती शोधत बसलो. बाबा रागावले नाहीत. म्हणाले, मी श्वास सोड म्हटलं, फुंकर मार नाही म्हटलं. ते वाक्य हल्ली मला रोज ऐकू येतं. बाबा बंदूक खांद्याला लावतात, स्वतःलाच ते सांगतात, आणि इकडे स्वयंपाकघरात माझा श्वास अडकून बसतो.

तू पाठवलेल्या एअरगनचं बस्तान कसं बसवलं हे त्यांनी तुला फोनवर रंगवून सांगितलंच असेल. त्यांनी गाळलेलं मी सांगते. त्यांची खोली, पुढे पॅसेज आणि शेवटी अडगळीची खोली, एवढीच काय ती आपल्या घरात सरळ रेघ. अडगळीच्या खोलीत त्यांनी सुताराकडून करून घेतलेलं लाकडी खोकं ठेवलं आहे. मागे लोखंडी पत्रा, आत माझ्या जुन्या पडद्यांच्या चिंध्या ठासून भरलेल्या, आणि पुढे कागदी चकती. छर्रा चकतीतून जातो आणि चिंध्यांत अडकतो. डोळ्यांना चष्मा न चुकता लावतात. तू पहिल्याच फोनवर बजावलं होतंस की मधे कुठलंही दार नको, आणि बाबा लगेच म्हणाले होते, छे, दार कुठलं आलंय. आहे, दादा. आम्ही इथे राहायला आलो ते तू गेल्यावर, म्हणून तुला कळलं नाही. स्वयंपाकघराचं दार बरोबर मध्यावर पॅसेजात उघडतं.

त्यावर त्यांनी त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला. नेमबाजी चालू असली की दाराच्या कडीला लाल फडकं बांधायचं. मी आतून विचारायचं, येऊ का? त्यांनी बंदुकीची नळी उघडी करायची, म्हणजे ती उडत नाही, बंदूक टेबलावर ठेवायची, माझ्याकडे वळायचं, आणि मग म्हणायचं, ये. सुरुवातीला याची आम्हाला गंमतच वाटायची. कामाला येणाऱ्या मावशी आधी झाडूचं टोक बाहेर काढतात, मग स्वतः. म्हणतात, ताई, झाडू काय, नवा आणता येईल. बाबा तिकडून म्हणतात, मावशी, तुमच्यावर नेम धरायला मला चष्म्याची गरज नाही. आणि मावशी म्हणतात, म्हणूनच तर.

मी हे चालू का दिलं, तेही सांगते. दुकान बंद झालं तेव्हाचे बाबा तू पाहिले नाहीस. कपबशी हातात घेतली की आधी आवाज यायचा. शर्टाची बटणं मी लावायचे आणि ते भिंतीकडे बघत राहायचे. त्याच हातांनी त्यांनी पहिल्यांदा तुझी बंदूक उचलली, एक डोळा मिटला, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा तो बारीक खुंट, चकतीच्या काळ्या ठिपक्याशी जुळवली, आणि हात थांबले. खरंच थांबले. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस, त्याला वेगळं काही शिकावंच लागलं नाही. त्या दिवशी जेवताना ते आईच्या फोटोकडे बघून म्हणाले, बघितलंस?

आणि रविवारचा तुझा फोन. तो असतो त्या दिवशी सकाळपासून दाढी करून बसतात. तुम्ही दोघं इतकी वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलला नाहीत. तू दुकानात बसणार नाही म्हणालास, ते म्हणाले मग घरातही बसू नकोस, आणि तू म्हणालास की तुम्ही स्वतः ये म्हणाल तेव्हाच उंबरा ओलांडीन. आई गेली तेव्हासुद्धा तू बाहेरच्या पायरीवरून परत गेलास. तीच दोन माणसं आता तासभर छर्ऱ्यांच्या वजनावर बोलतात. मी शेजारच्या खोलीत मटार सोलत ऐकत असते. दरवेळी वाटतं, आज तुमच्यातला कुणीतरी पुढचं वाक्य बोलेल. पण चकतीवर किती पडले एवढं सांगून फोन ठेवता.

आता जे सांगायचं आहे ते. तुला आठवत असेल, दुकानाच्या दारात कुणी येऊन विचारलं, येऊ का, की बाबा मान वर न करता म्हणायचे, या, बसा. निम्म्या गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांना माहीत नव्हते, घड्याळावरून माणूस ओळखायचे. ती सवय हातातल्या कामासारखीच त्यांच्या अंगात मुरली आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मागच्या आठवड्यात सकाळी मी चहा घेऊन दारामागे उभी राहिले आणि विचारलं. नेहमीसारखं उत्तर आलं, ये. मी दार उघडलं, पाऊल बाहेर टाकलं, आणि फट् असा आवाज झाला. कानाला वारा लागल्यासारखं वाटलं. चौकटीची एक ढलपी उडून चहात पडली.

मी चहाचा कप धरून तिथेच उभी राहिले. बाबांनी बंदूक खाली घेतली, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी सौजन्याने, अनोळखी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "बसा ना, झालंच आहे तुमचं घड्याळ."

मग त्यांचा चेहरा हळूहळू घरचा झाला. म्हणाले, अगं, चहा गार होतोय, अशी उभी काय? त्यांना काही आठवत नव्हतं, दादा. आवाज नाही, मी नाही, ते स्वतः काय बोलले ते नाही. चौकटीत छर्ऱ्याने पडलेल्या भोकावर मी कॅलेंडर लावलं. दाराच्या चौकटीवर कॅलेंडर कशाला, म्हणून त्यांनी मला वेड्यात काढलं.

दुसऱ्या दिवशी मी छर्ऱ्यांची डबी पिठाच्या डब्यात लपवली. त्यांनी दिवसभर घर पालथं घातलं. संध्याकाळी पलंगाच्या कडेवर बसले, हात पुन्हा थरथरायला लागले होते. म्हणाले, मीच कुठेतरी ठेवली असणार, हल्ली माझं डोकं ठिकाणावर नसतं. हे त्यांनी पहिल्यांदा तोंडाने कबूल केलं, आणि तेही माझ्या खोटेपणामुळे. मला ते बघवलं नाही. पण मी डबी काढून देण्याआधीच त्यांनी तुला फोन केला होता, आणि तू लगेच दोन नव्या डब्या पाठवल्यास. चांगल्या मनाने पाठवल्यास, मला माहीत आहे. पार्सल मीच उघडून त्यांच्या हाती दिलं.

आता मी त्या दारातून जातच नाही. मागच्या अंगणातून वळसा घालून घरात येते. पण भीती मला फक्त माझी वाटत नाही. आवाज आला की वाटतं, समोर कोण होतं? आवाज नाही आला की वाटतं, ते आत्ता कुठे आहेत, घरात की दुकानात? मावशींना मी पॅसेज झाडायला बंदी केली आहे, कारण सांगितलेलं नाही. डॉक्टरांकडे येत्या आठवड्यात नेते आहे. पण बंदूक त्याच्या आधी घराबाहेर जायला हवी, आणि ती मी नेली तर त्यांच्या लेखी मी तुलाच घरातून नेलं. त्यांच्याकडे तुझं म्हणून तेवढंच आहे.

म्हणून हे पत्र. फोन त्यांच्या उशाशी असतो, त्यावर हे बोलता आलं नसतं. दादा, बंदूक न्यायला तू ये. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराने नको. बैठकीतून, त्यांच्या पाठीमागून ये. खोलीच्या दाराशी उभा राहा आणि विचार, येऊ का? ते मान वर न करता म्हणतील, ये. हल्ली ते कुणालाही म्हणतात, हे आता तुला माहीत आहे आणि मलाही. तू म्हणशील, याला बोलावणं म्हणत नाहीत, आणि येणार नाहीस. तरी मागते. एकदाच, ते तुलाच म्हणाले असं धरून चाल, आणि आत ये.

तुझीच,
तुझ्या मागे मागे फिरणारी शेपूट