पँटची घडी मोजणारा नवरा

रविवार, सायंकाळ

सुजाता अनंत वाघमारे, लेकी, एकेक छायाचित्र टिपून तू हलवलेल्या मातीच्या बाहुल्यांच्या मालिकेतील सर्वाधिक विनोदी प्रसंग आज मी तुझ्या स्मृतिसभेत दाखवायला निवडले. दिघीच्या तुझ्या भाड्याच्या खोलीत तुझी सहकारी रेश्मा सोबत होती. मधुचंद्राच्या पलंगाशी उभा राहून पँटची घडी पट्टीने मोजणारा बाहुला-नवरा पडद्यावर आला आणि ती अवघडली.

“काका, हा वगळू या. हे तुम्हीच आहात हो!”

“म्हणूनच हा पहिला.”

पट्टी माझीच. तू असताना मी तो अपमान समजलो, हसलो नाही. आज चष्मा पुसावा लागेपर्यंत हसलो. पट्टी धरताना करंगळी वर राहते, हेसुद्धा तू टिपलेस? इतके निरखून माझ्याकडे आणखी कोणी पाहिले होते?

बाहुल्या रेश्माकडे सोपवल्या. खोलीला कुलूप लावले. किल्ल्या घरमालकांना परत केल्या.