साच्यांच्या आवाजात

इंदूर, गणपतीचा आठवा दिवस

प्रिय कस्तुरीचे बाबा,

आणि हे कोणत्या तोंडानं केलंत तुम्ही? वीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाच्या तोंडून मी 'हूँ'च्या पुढे शब्द ऐकला नाही, भाजीत मीठ नसलं तरी जो गिळून मोकळा होतो, तो माणूस मिलच्या गणपतीपुढे माइक धरून अर्धा तास बोलतो, चारशे माणसं टाळ्या वाजवतात, आणि बायको बायकांच्या रांगेत प्रसादाचा डबा मांडीवर घेऊन गपगार. शेजारच्या प्रमोदिनीनं मला चिमटा काढून विचारलं, वहिनी, हे तुमचेच ना? काय सांगू मी तिला? मलाच पटायला वेळ लागला. शर्ट मी रफू केलेला होता, त्यावरून ओळख पटली.

मला आधीच कळायला पाहिजे होतं. मिलला टाळं लागून दोन वर्षं झाली. तुम्ही रोज दुपारी निघता, गेटवर बसतो म्हणता. मी मल्हारगंजात शेवेची पाकिटं भरून घरी येते तरी तुमचा पत्ता नसतो. श्रावणात प्रमोदिनीनं सांगितलं, की तुम्ही कृष्णपुऱ्याला समाध्यांच्या छत्र्यांपाशी एकटेच हातवारे करत बोलत होतात. तुमच्या मिलमधल्या त्या हरीचं डोकं फिरलं तसं तुमचंही फिरलं, असं मी धरून चालले. खजराण्याच्या गणपतीला नवस बोलले, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, रोज सकाळी चार बदाम भिजवून दिले. ते खाताना तरी सांगायचंत, अंबिका, मी वेडा नाही, कविता पाठ करतोय. फुकट गेले बदाम. नाहीतर त्या बदामांवरच पाठ झाल्या असतील, देव जाणे.

तुमच्या विणकाम खात्यातल्या उदयसिंहजींनी माइकवर पुकारलं, 'अब आ रहे हैं हमारे साँचा खाते के वासुदेव भिया.' मला वाटलं, खुर्च्या उचलायला बोलावताहेत. पहिली कविता भोंग्याची. मिलचा भोंगा बंद झाल्यापासून मोहल्ल्यातले कोंबडे बावरलेत, कोणाच्या भरवशावर आरवावं त्यांना कळेना, असं काहीसं. लोक हसले, मीही हसले, खोटं कशाला सांगू. मग पीथमपूरच्या कारखान्यातल्या त्या साहेबाची नक्कल केलीत, जो चाळिशीच्या वरच्याला गेटवरूनच वापस पाठवतो. तीही बरी होती. हा आवाज इतकी वर्षं कुठल्या डब्यात ठेवला होता, एवढाच विचार मी करत होते. मग तुम्ही दुसरी सुरू केलीत, ती आपल्या पोराची.

आपलं पहिलं पोर दहाव्या दिवशी गेलं. बारसं व्हायचं होतं, नाव नव्हतं. तुम्ही त्याला फडक्यात गुंडाळून नेलंत, पुरून आलात, अंघोळ केलीत आणि दुपारच्या पाळीला निघून गेलात. मी ओली बाळंतीण, भिंतीकडे तोंड करून पडलेली. जिना उतरताना तुमच्या चपलांचा आवाज ऐकला. त्या दिवशी मी ठरवलं, आपलं लग्न दगडाशी लागलंय. पुढे कस्तुरी झाली, दहावीला आली, तरी ते मनातून गेलं नाही. दर भांडणात काढलं, की तुम्ही तर त्या दिवशीही पाळीवर गेलात. तुम्ही म्हणायचात, हूँ.

आणि आता चारशे माणसांपुढे सांगता, की कापड विणायचे आठशे साचे एकदम चालतात तेव्हा माणसाला स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही, म्हणून तुम्ही तिकडे गेलात. घरात रडला असतात तर मला ऐकू आलं असतं. तिथे साच्यावर हात ठेवून पाळीभर मोठ्यानं रडलात, पोराला तुम्हीच ठेवलेल्या नावानं हाका मारल्यात, कोणी मान वर केली नाही. तिथून रोजची सवय लागली साच्यापुढे बोलायची, आणि त्याच्याच कविता झाल्या म्हणे. कळलं ते फक्त समोरच्या साच्यावरच्या उदयसिंहजींना, कारण त्या आवाजात तुम्ही लोक एकमेकांचे ओठ वाचता. म्हणजे परक्या माणसाला एकोणीस वर्षं माहीत होतं, आणि त्यानंच तुम्हाला स्टेजवर ढकललं. माझ्यासमोर जेवायला बसायचात तेव्हाही तुमचे ओठ हलायचे. मला वाटायचं, घास चावताय.

मी मधूनच उठून आले ते सगळ्यांनी पाहिलं. घरी येऊन तुमचे कपडे पिशवीत भरले आणि तुम्ही दारात आलात तेव्हा म्हटलं, सांवेरला बहिणीकडे जा, नाहीतर स्टेजवरच राहा, तिथे वाचा फुटते तुम्हाला. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. तोच जिना, त्याच चपला. या वेळी तरी मी आवाज द्यायला हवा होता, नाही दिला. कस्तुरी चार दिवस माझ्याशी बोलत नाही, बापावर गेलीय. उदयसिंहजी येऊन सांगून गेले, देवासवाल्यांनी दसऱ्याच्या कविसंमेलनात तुमचं नाव घातलंय. मी चहा दिला.

हे पत्र मी भांडायला लिहिलेलं नाही. भांडायचं असतं तर सांवेरच्या बसमध्ये बसून आले असते. माझं अक्षर लागलं नाही तरी ताईंकडून वाचून घेऊ नका, हे तुमच्या-माझ्यातलं आहे. कवितेच्या शेवटी तुम्ही ते नाव घेतलंत, ज्या नावानं त्याला हाका मारत होतात. नेमक्या त्याच वेळी टाळ्या पडल्या, कोणी वाह भिया वाह करून ओरडलं, आणि मला ऐकू आलं नाही. म्हणून मी उठले. साचेवाल्यांनी तुमचे ओठ पाहिले, त्यांना कळलं. पुढच्या रांगेला कळलं. त्यांच्याकडून प्रमोदिनीलाही कळलं, ती सांगायला लागली तेव्हा मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पोर माझं, आणि त्याचं नाव मी शेजारणीकडून ऐकू? मिल बंद असली तरी अनंत चतुर्दशीला दिव्यांच्या चित्ररथांची झांकी निघणारच आहे, तुमच्या खात्यातली माणसं गेटच्या आत ठोकठाक करताहेत. ती निघायच्या आधी मला उत्तर पाहिजे. चिठ्ठीत नको, तोंडानं. मी स्वयंपाकघरात पाट मांडते, रेडिओ बंद करते, तुम्ही समोर बसून सांगा, साच्यासमोर सांगत होतात तेवढ्या मोठ्यानं. मग देवासला जा, भोपाळला जा, शर्टाला इस्त्री मी करून देईन. बारशासाठी मीही एक नाव धरून ठेवलं होतं, आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. पण आधी तुम्ही. चतुर्दशीला, झांकी गेटबाहेर पडायच्या आत.

तुमचीच,
अंबिका