बोटभर बाहेर

श्रूजबरी, रवि. ३ ऑगस्ट १९८६

पाहुणी आली. जपानी, एकवीस वर्षांची, नाव सातोमी. टेनिस खेळून पोट भरते. या आठवड्यात वूस्टरच्या क्लबात बायकांची स्पर्धा. हॉटेल न परवडणाऱ्या मुलींना मेंबरांनी घरी ठेवून घ्यायचं अशी इथली पद्धत. आमच्या नातीनं, अनितानं, कोणालाही न विचारता आपलं घर देऊन टाकलं. मुलगा श्रीरंग हॉस्पिटलात ड्यूटीवर, सूनबाई विद्या कॉम्प्युटरपाशी. म्हणजे पाहुणी माझ्या गळ्यात.

जिंकेल तोवर राहणार. हरली की पुढच्या गावी. म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे.

दारात बूट काढले, वळवून नीट जोडीनं भिंतीशी ठेवले. अमेरिकेत येऊन चार वर्षं झाली, या घरात हे कोणी केलेलं पाहिलं नाही.

सोम. ४

सकाळी निघताना उंबऱ्याशी (उंबरा कुठला, कार्पेटची कड) थांबून काहीतरी पुटपुटली. काय म्हणालीस? तर मोडक्या इंग्रजीत, "आय गो, आय कम." त्यांच्याकडे घरातून निघताना म्हणतात म्हणे. सांगितलं, आमच्याकडेही 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. 'येते' चांगलं म्हणते. अनिता सतरा वर्षं आमच्यात राहून "बाय, आजी" म्हणते.

हातावर दही घातलं. आधी बावरली, मग चाटून टाकलं.

जिंकली.

मंगळ. ५

परत जिंकली. आज मीही गेले, अनिताच्या गाडीतून. तिला जूनमध्ये लायसन्स मिळालंय, त्याचा अनुभव घेत गेले.

क्लबातल्या बायका पोरीला 'क्यूट' म्हणतात. माइकवरचा माणूस तिचं नाव तीन प्रकारे घेतो, तिन्ही चूक. शेवटी बार्बराला गाठलं. ही स्पर्धेचं सगळं बघणारी बाई. म्हटलं, तीन अक्षरांचं नाव आहे, तुमच्या गावाचं नाव म्हणायला याहून अवघड आहे. बार्बरा हसली. मी विनोद केला नव्हता.

जेवायला दहीभात. दोनदा मागून घेतला. रोज रात्री मी विरजण लावते ते उभी राहून बघते.

बुध. ६

आज श्रावण लागला. इथे कॅलेंडरवाचून कळत नाही.

इथे सेमीफायनलपर्यंत पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे जिच्या बाजूला पडला तिनंच सांगायचं. शंका आली तर समोरचीला पॉइंट. हे ऐकून बरं वाटलं. पुण्याच्या कॅम्पातल्या कॉन्व्हेंटमध्ये जन्मभर मॉरल सायन्स शिकवलं, तिथे याहून वेगळं काय सांगत होते?

मी शिकलेही त्याच शाळेत, तिथे दोन कोर्टं होती. सिस्टर झगा खोचून आम्हाला बॅकहँड शिकवत. मॅट्रिक झाल्यावर माझी रॅकेट धाकट्या भावाला मिळाली. त्यानं त्या रॅकेटनं कैऱ्या पाडल्या.

सा. आजही जिंकली. घरी येताना गाडीत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. खांदा अवघडला. हलले नाही.

गुरु. ७

आज तिला सुट्टी. मेथी निवडायला बसली माझ्याबरोबर. तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. बापाचं गावात कापडाचं दुकान. बापानं तीन वर्षं दिली होती, ती संपली. उद्या जिंकून सेमीत गेली तर पॉइंट पुरे होतात, न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेच्या क्वालिफाइंगला (म्हणजे आधीच्या पात्रता फेरीला) नाव लागतं, आणि बाप आणखी एक वर्ष देतो. हरली तर घर आणि दुकान.

मी म्हटलं, दुकानात बसायला का जन्म आहे तुझा? तू जिंकणार. ती मेथीची पानं एकेक करून खुडत राहिली.

जेवताना श्री म्हणाला, "आई, तिच्यापेक्षा तुझंच टेन्शन जास्त आहे."
विद्या म्हणाली, "आईंना कंपनी झालीये ना. इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं त्यांना."
मला काय झालंय ते मला माहीत आहे. ती जिंकली तर रविवारपर्यंत राहील.

शुक्र. ८

हरली.

लिहिते तरी. तिसरा सेट, टायब्रेक. सा. एका पॉइंटवर. तो घेतला की मॅच. समोरची अमेरिकन, धिप्पाड. तिनं मारलेला लांब चेंडू सा.च्या मागच्या रेषेशी पडला. मी त्याच रेषेच्या सरळीत बाकावर. बोटभर बाहेर. सिमेंटचं कोर्ट, खूण राहत नाही, पण मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगी दिसते.

सा. म्हणाली, "गुड." म्हणजे आत, पॉइंट समोरचीला.

मी उभी राहिले. "आउट. आय सॉ इट." शाळेच्या मैदानावरचा आवाज आहे, अजून आहे. सगळा क्लब वळला. अनितानं माझा पदर ओढला, "आजी, सिट डाउन, प्लीज." बार्बरा धावत आली, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं म्हणून. म्हटलं, मग प्रेक्षकांनी यायचं कशाला? सा.नं माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. पुढचे दोन पॉइंट गेले.

गाडीत इतका राग आला होता की रडू येत होतं. सभ्यपणा कळतो मला. पण असला सभ्यपणा?

शनि. ९

गेली. बसस्टँडवर सोडलं. अनिता तिकीट बघायला आत गेली तेव्हा दोघीच होतो. विचारलं, तुला खरंच शंका होती का गं?

तिनं सूटकेसचा पट्टा ओढून बघितला. मग, "नो, आँटी. आय सॉ. आउट."
"मग?"
"टायर्ड. आय वॉन्ट हाउस."

तीन वर्षं सूटकेसमधून कपडे काढते आहे. खेळ सोडते म्हणायची सोय नाही, बापानं दुकान गहाण टाकल्यासारखं सगळं हिच्यावर लावलं. हरली तर चालतं. मन लावून खेळून हरली तर कोणाला काही म्हणता येत नाही.

मी रागावलेलीच होते. एवढा चांगला फोरहँड. म्हटलं, "सिली गर्ल." तिला कळलं, कारण हसली. लॉस एंजेलिसला मैत्रिणीकडे आठवडाभर, मग पुढच्या रविवारी जपानचं विमान. मैत्रिणीचा फोन नंबर मला दिला. बसमध्ये चढताना वाकून नमस्कार केला. ते रोजचं 'आय गो, आय कम' म्हणाली नाही.

तिला निदान हरता तरी येतं. मी काय हरले म्हणजे श्री माझं पुण्याचं तिकीट काढेल?

सोम. ११

काही नाही. दही आंबट झालं, खायला कोणी नाही. विद्या सुपरमार्केटचं गोड दही खाते, त्यात स्ट्रॉबेरी.

बूट ठेवायची जागा रिकामी. अनितानं तिथे आपले फेकले. एक उपडा.

बुध. १३

बार्बराचा फोन. न्यूयॉर्कच्या क्वालिफाइंगमधल्या कोणाचा तरी पाय मुरगळला आणि जागा रिकामी झाली. यादीत पुढचं नाव सातोमीचं. हरली नसती तर हे नाटकच लागलं नसतं. फॉर्मवर पत्ता आमचा म्हणून फोन इथे. "डू यू नो व्हेअर शी इज?" शनिवारी दुपारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसरीला.

म्हटलं, बघते.

नंबर फ्रिजवर आहे, अनिताच्या केळ्याच्या मॅग्नेटखाली. दिवसभर त्याच्यासमोरून ये-जा केली.

गुरु. १४

विद्या: "आई, केलात का फोन तिला?"
मी: "एंगेज्ड लागतोय."
जन्मभर मॉरल सायन्स शिकवलं.

सांगितलं तर जाईल. नाही म्हणणारी पोर नाही ती. बापाला कळलं की जागा होती आणि गेली नाही, तर काय होईल? आणि नाही सांगितलं, तर दहा वर्षांनी कापड मोजता मोजता तिला कळलं तर? न्यूयॉर्कच्या कोर्टवर ती उभी आहे, माइकवरचा माणूस नाव नीट घेतो आहे, हे मला दिसतं. मला. तिला दिसतं का, ते मी तिला कधी विचारलं?

आणि ती न्यूयॉर्कला आली तर श्रूजबरी फार लांब नाही, हेही मनात येऊन गेलं. यायला नको होतं.

शुक्र. १५

झेंडावंदनाचा दिवस. इथे कचऱ्याची गाडी येते.

दुपारी फोन केला. मैत्रिणीनं उचलला. मागे टीव्ही, भांडी, आणि कोणीतरी खो खो हसत होतं. मग ते हसणं थांबलं आणि तीच फोनवर आली. आठवडाभर माझ्या घरात होती, अशी हसली नव्हती.

"आँटी? यू ओके?"

सगळं जुळवून ठेवलं होतं. इंग्रजीत, सोपी वाक्यं. तोंडातून निघालं ते असं, की दही कसं लावायचं ते तुला सांगायचं राहिलं.

ती म्हणाली, वेट, पेन्सिल. खरंच पेन्सिल आणली. मी सांगितलं. दूध कोमट, बोट घालून बघायचं, चमचाभर विरजण. मग झाकून ठेवायचं आणि हलवायचं नाही. "हाउ लाँग?" म्हटलं, रात्रभर. तिनं सगळं परत वाचून दाखवलं. चुकलं नव्हतं काही.

तरी फोन ठेवला नाही. परगावचा फोन, मिनिटं चाललेली. श्रीला बिल बघून काय वाटायचं ते वाटो. मी म्हणाले, "सातोमी." ती म्हणाली, "येस, आँटी." मी म्हणाले, "काही नाही. खाऊन घेत जा."

ठेवताना ती म्हणाली, "येते."

संध्याकाळी बार्बराचा पुन्हा फोन. अनितानं घेतला. रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "आजी, व्हॉट डू आय टेल हर?"

म्हटलं, सांग तिला, उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.

नंबर अजून फ्रिजवरच आहे. विरजण लावलं.